भोंग्याचा सूर

फोन उचलून निबिया "टॅक्सी, बोला" म्हणायची, आणि पत्ता सांगून झाला की पलीकडून उत्तर यायचं, "बरं दादा, जरा लवकर पाठवा."

पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिने सांगितलं होतं, "दादा नाही हो, बाई बोलतेय." पलीकडे तापलेलं लेकरू घेऊन दवाखान्यात निघालेली एक तरुण आई होती. ती इतकी ओशाळली, की चारदा माफी मागताना तिने घराचा नंबरच चुकीचा दिला आणि गाडी भलत्याच दारात जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा सांगितलं तर फोनमागे हशा पिकला. "अरे, बाई आहे म्हणे ती! रेडा बोलतोय असं वाटतं!" त्यानंतर निबियाने चूक दुरुस्त करणं सोडून दिलं. पुढे एका भल्या गिऱ्हाइकाने नाव विचारलं. समोरच्या कॅलेंडरवर जुलैचं पान होतं. आमच्याकडे त्या महिन्याचं आणि पुरुषाचं नाव एकच. तिने वाचलं आणि सांगून टाकलं, "हुलियो."

वर्षभरात सेरोच्या, म्हणजे टेकडीवरच्या, सगळ्या वस्तीला टॅक्सीवाला हुलियो माहीत झाला. ड्रायव्हरांना अर्थात खरं ठाऊक होतं. "हुलियोशेठ, आज मिशीला पीळ देऊन आलात वाटतं," असं ते वायरलेसवर म्हणायचे आणि ती हसायची. हसलं की खोकला यायचा. ऑफिसबाहेर मात्र ती फोनवर कुणाशीच बोलायची नाही. बहिणीला, भाच्यांना, जुन्या मैत्रिणींना ती मेसेज टाइप करून पाठवायची. कुणी फोन केलाच तर तो वाजून वाजून बंद होईपर्यंत बघत बसायची.

हीच निबिया एचेवेरी एकोणिसाव्या वर्षी आमच्या राजधानीत, मोंतेविदेओच्या उघड्या नाट्यगृहात उभी राहिली होती. साल शहाऐंशी. लष्करशहा जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालेलं, आणि बारा वर्षं तोंड दाबून बसलेली पोरं गिटारी घेऊन रस्त्यावर उतरलेली. त्यातलाच एक बँड होता 'कामारा फ्रिआ', म्हणजे थंड खोली. चौघांचेही बाप टेकडीखालच्या मांसाच्या कारखान्यात बर्फाच्या खोल्यांमधून अर्धे-अर्धे बैल खांद्यावर वाहायचे, म्हणून हे नाव. कारखाना बंद पडला तेव्हा निबिया अकरा वर्षांची होती. त्याच्या भोंग्यावर एकेकाळी सगळी वस्ती उठायची, जेवायची, झोपायची. गिटार वाजवणाऱ्या विटोल्दोने त्यावर गाणं बांधलं. नावच 'भोंगा'. गाण्याच्या शेवटी शब्द संपायचे आणि निबिया एकच सूर लावायची. तो खालून उठायचा, वर चढायचा, आणि वर जाऊन तिथेच थांबायचा. अकरा सेकंद. त्यात ना कंप ना खरखर. कारखान्यातले म्हातारे कामगार डोक्यावरची टोपी काढून ऐकायचे. एकजण म्हणाला होता, "पोरी, मी उठून डबा शोधायला लागलो की गं!"

ऐकणाऱ्यांना वाटायचं तिला देवाची देणगी आहे. होतीही. पण ती देणगी निबियाने कशी वापरली, ते ऐकण्यासारखं आहे. त्या काळी स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा अशी सोय नव्हती. मागे ढोल, बाजूला दोन गिटारी, त्यावर आवाज काढायचा तर ओरडावंच लागे. ती ओरडली. पंचविशीत तिच्या आवाजाला जरा धार आली, थोडी खरखर आली. लोकांना ती आवडली. पेपरात कुणीतरी लिहिलं, की ह्या आवाजाला आता आयुष्य कळलंय. आयुष्य वगैरे काही नव्हतं. गळ्याच्या पडद्यांवर घट्टे पडले होते, विळा धरणाऱ्याच्या तळहातावर पडतात तसे.

त्याआधीच, एकोणनव्वदमध्ये, तिने एक गोष्ट केली होती. नदीपलीकडच्या ब्युनोस आयरेसहून एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्याला बँड नको होता, फक्त ती हवी होती. त्या शनिवारी सेरोच्या बोचास क्लबात, म्हणजे मातीवर गोळे टाकायच्या खेळाच्या क्लबात, त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. निबिया शुक्रवारी बोटीत बसली. कुणालाही सांगितलं नाही. विटोल्दोने क्लबात तासभर तिची वाट पाहिली आणि मग लोकांसमोर जाऊन तीच तीच चार गाणी स्वतःच्या बसक्या आवाजात म्हटली. तिकडे कंपनीने तिच्याकडून गुळगुळीत, गोड काहीतरी गाऊन घेतलं. ती रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही. दोन वर्षांनी ती परत आली ती थेट पुंता देल एस्तेच्या हॉटेलांत, उन्हाळ्यात समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी दुसऱ्यांची गाणी गायला. पंचवीस उन्हाळे ती तिथे गायली. दिवसाला एक पाकीट सिगारेट, पहाटेचं जेवण, छातीत जळजळ. छत्तिसाव्या वर्षी एकदा गाता गाता वरचा सूर फाटला. तिने हसून माइक पाहुण्यांकडे वळवला, पाहुण्यांना वाटलं गंमतच. मग तिने सगळी गाणी दोन पट्ट्या खाली उतरवली, नंतर तीन. पन्नाशी आली, अंगातली उष्णता उफाळून येऊ लागली, आणि आवाज जिना उतरावा तसा एकेक पायरी खाली गेला. एका सकाळी ती पावाच्या दुकानात म्हणाली, "दोन पाव द्या." दुकानदार मागे वळून बघायला लागला, कोण पुरुष आला म्हणून. तिने त्या वर्षी गाणं सोडलं आणि टॅक्सी ऑफिसात नोकरी धरली.

एका मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"टॅक्सी, बोला."

"ग्रेसिया रस्ता, कोपऱ्यावरचं हिरवं फाटक. मला म्हाताऱ्यांच्या आश्रमात जायचंय, प्रादोत. कावलाउस्कास नाव लिहा. लिहिता आलं नाही तर विटोल्दो लिहा, सगळे तेच लिहितात."

निबियाच्या हातातलं पेन थांबलं. पस्तीस वर्षांत तिने हा आवाज ऐकला नव्हता, पण ओळखायला एक शब्दही पुरला असता. म्हातारा झाला होता, पण होता तोच.

"पाठवतो," ती म्हणाली.

तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता फोन करायचा. त्याची बायको ओंदिना त्या आश्रमात होती. तिची आठवण गेली होती. गाडी येईपर्यंत पाच-सात मिनिटं जायची, आणि विटोल्दो फोन ठेवायचा नाही. एकटा माणूस, बोलायला कुणी नाही, आणि हुलियो छान ऐकून घेतो.

"काय रे हुलियो, काल सामना बघितलास का?"

"बघितला. न बघितला असता तर बरं झालं असतं."

"हा हा! तू आपल्यातलाच दिसतोस."

हळूहळू तो मनातलं बोलायला लागला. ओंदिनाने त्याला मासेवाला समजून हाकलून दिलं, ते त्याने सांगितलं. "म्हणते, आज मासे ताजे नाहीत, पुढच्या दाराला जा. मी गेलो रे. बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. एक नर्स आली, म्हणते आजोबा तुम्ही कुणाचे पेशंट? सांग आता!" निबियाने कपाळाला हात लावला. हुलियो एवढंच म्हणाला, "गाडी दोन मिनिटांत येतेय विटोल्दो."

मग एकदा तिचा विषय निघाला.

"तुला गाण्याचं वेड आहे का रे? आमचा एक बँड होता. एक पोरगी गायची. मी खूप गाणारे ऐकले हुलियो, पण तसा आवाज नाही. आम्हाला टांग मारून गेली ती, जाऊ दे, वीस-बावीस वर्षांची अक्कल ती किती. पण आवाज! अजून कधी सकाळी जाग येते ना, तर तो सूर कानात असतो."

तिने फोनच्या तोंडावर तळहात दाबून धरला. त्याच वेळी सांगायला हवं होतं. नंतर तिने ह्या एका क्षणाचा हिशोब कितीदा मांडला त्याला गणती नाही. पण कानाला ते शब्द इतके गोड लागले, की अजून थोडं ऐकावंसं वाटलं. तिने विचारलं, "कसा होता रे आवाज?" आणि विटोल्दो सांगत राहिला. पुढच्या मंगळवारी तिने पुन्हा विषय काढला. शुक्रवारी पुन्हा. माणसाने आपल्याच श्राद्धाला जाऊन कोपऱ्यात बसावं तसं ती ऐकायची. फोन ठेवला की तोंड धुऊन यायची.

नोव्हेंबरात विटोल्दो म्हणाला, "क्लबाला पंचाहत्तर वर्षं होतायत. सगळे म्हणतात 'भोंगा' झालंच पाहिजे. तिला बोलवावं म्हणतो. येईल का रे?"

"विचारून बघ," हुलियो म्हणाला.

दोन दिवसांनी क्लबाच्या सेक्रेटरीचा निबियाला मेसेज आला. तिने तासभर तो वाचला आणि 'येते' लिहिलं. खाली अट घातली, सराव करणार नाही, एकच गाणं म्हणेन.

का लिहिलं, ते तिला स्वतःलाही धड सांगता येत नसे. तिला त्या माणसासमोर पुन्हा एकदा तीच व्हायचं होतं, बस. तिने नेस्तोर नावाच्या एका साउंडवाल्याला गाठलं. हॉटेलांच्या दिवसांतली ओळख. बँडच्या सत्त्याऐंशीच्या रेकॉर्डमधून फक्त गळा वेगळा काढायचा, असं तिने त्याला कागदावर लिहून दाखवलं. गळा बसलाय, असं खोटंच खाली लिहिलं.

"निघतो की. आजकाल मशीन सगळं सोलून देतं," नेस्तोर म्हणाला. "पण तू नुसतं तोंड हलवणार?"

तिने मान डोलावली.

"अगं लाजतेस काय! मोठे मोठे करतात."

डिसेंबरातला रविवार, दुपारचे पाच वाजलेले. बोचासची मैदानं फळ्या टाकून झाकलेली, त्यावर खुर्च्या. निबिया गळ्याला रुमाल बांधून आली. कुणी बोलायला आलं की गळ्याकडे बोट दाखवायची, आवाज जपतेय अशी खूण करायची. विटोल्दोने तिला पाहिलं आणि गिटार बाजूला ठेवून दोन्ही हात पसरले. "आलीस पोरी." तिने त्याला मिठी मारली. तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

गाणं सुरू झालं. विटोल्दो खरा वाजवत होता, मागे त्याचा पुतण्या ढोलावर खरा वाजवत होता, आणि मधोमध उभी राहून निबिया स्वतःच्या वीस वर्षांच्या आवाजाला ओठ लावत होती. तो आवाज स्पीकरमधून बाहेर पडला आणि समोरच्या माणसांचे चेहरे उजळले, ते तिने पाहिलं. दुसऱ्या कडव्याला विटोल्दोने नेहमीसारखं जरा सावकाश घेतलं. आवाज मात्र थांबला नाही, पुढे निघून गेला. विटोल्दोने चमकून तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली मान घातली आणि निमूटपणे मशीनच्या मागे मागे वाजवत राहिला. शेवटचा सूर चढला. अकरा सेकंद. लोक उभे राहिले.

खाली उतरल्यावर पहिल्याच रांगेतल्या तेओलिंदाने तिला धरलं. कारखान्यातल्या कामगाराची विधवा, ऐंशीच्या घरातली. तिने निबियाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, आणि तिचे डोळे वाहत होते. "तसाच गं! तसाच आहे आवाज! माझा माणूस आज असायला हवा होता. बोल ना माझ्याशी, काहीतरी बोल."

निबियाने गळ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने तिच्या कपाळाचा मुका घेतला. निबियाला वाटलं, ह्या फळ्या फाटाव्यात आणि आपण खाली जावं. कुणाचाही निरोप न घेता ती मागच्या दाराने निघून गेली.

मंगळवारी दहाला फोन वाजला.

"हुलियो, गाडी पाठव." आज सामन्याची चौकशी नाही, काही नाही. मग तो म्हणाला, "ती आली होती. तोंड हलवत होती रे. आवाज टेपवरचा."

निबियाने पेन खाली ठेवलं.

"तो सूर लावायच्या आधी ती खांदे वर घ्यायची. श्वास भरायला. परवा खांदे हललेच नाहीत. मरू दे, आवाज गेला असेल, सगळ्यांचा जातो. माझी बोटं कुठे राहिलीयत? पण मीही वाजवत राहिलो हुलियो. थांबायला हवं होतं मी. दोनशे माणसं, माझ्या ओळखीची, त्यांच्यासमोर मी त्या खोट्याला साथ दिली. तेओलिंदा रडत होती. मला दोन रात्री झोप नाही."

"विटोल्दो," ती म्हणाली, "हुलियो नावाचं इथे कुणी नाही. मी निबिया बोलतेय."

"काय?"

"माझा आवाज आता असा आहे. लोक पुरुष समजतात. तू पण समजलास. मी सांगितलं नाही."

दुसरा फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला. विटोल्दो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी हळू होता.

"म्हणजे ओंदिनाचं... ते मासेवाल्याचं, ते रडल्याचं, ते सगळं मी तुला सांगितलं?"

"हो."

फोन बंद झाला. शुक्रवारी दहा वाजले, साडेदहा वाजले. त्याने दुसऱ्या कुणाची तरी गाडी बोलावली असणार.

शनिवारी ती ग्रेसिया रस्त्यावर गेली. विटोल्दो फाटकामागे खुर्ची टाकून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसला होता. तुंबडी हातात, थर्मास काखेत. त्याने फाटक उघडलं नाही, तिला तुंबडीही पुढे केली नाही. आमच्याकडे मातेची एकच तुंबडी सगळ्यांत फिरते, समोरच्याला ती न देणं म्हणजे त्याला परका ठरवणं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. समोर उभी असलेली निबिया आणि कानावर येणारा हुलियो, दोन्ही एकदम त्याला सोसवत नव्हतं.

"एकोणनव्वदचं मी केव्हाच सोडून दिलं," तो म्हणाला. "हे नाही सोडता येत. माझं घरचं दुःख तू चोरून ऐकलंस. आणि वर मलाच विचारायचीस, कसा होता आवाज! लाज नाही वाटली?"

"वाटायची. रोज."

"मग?"

तिने फाटकाची कडी धरली.

"मला काय सांगतेस," तो म्हणाला. "ज्यांना रडवलंस त्यांना सांग." आणि खुर्ची उचलून आत गेला.

निबियाला त्यापेक्षा बोट पकडून पुन्हा नदीपलीकडे जाणं सोपं वाटलं. खरंच तिने बोटीच्या वेळाही पाहिल्या. पण त्या आठवड्यात रस्त्यात तीन जणांनी तिला थांबवून तिच्या आवाजाचं कौतुक केलं, आणि तिन्ही वेळा तिने गळ्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या वेळी तिला स्वतःच्या बोटाची किळस आली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबात सभासदांचं जेवण असतं. लांब टेबलं, भाजलेलं मांस, घरच्या वाइनच्या बाटल्या. निबिया दारात उभी राहिली आणि अध्यक्षांना म्हणाली, "मला दोन मिनिटं बोलायचंय." अध्यक्ष तिच्या मागे कोण माणूस उभा आहे ते बघायला लागले.

ती टेबलांच्या मधोमध उभी राहिली. माइक नव्हता. "मी निबिया. हाच माझा आवाज," ती म्हणाली. काटे-सुऱ्यांचा आवाज थांबला. "त्या दिवशी मी गायले नाही. सत्त्याऐंशीची रेकॉर्ड लावली होती. मी फक्त तोंड हलवलं. तो सूर माझ्या गळ्यातून वीस वर्षांत निघालेला नाही. विटोल्दोला आधी माहीत नव्हतं. तुम्हाला सगळ्यांना मी फसवलं."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "तरी मी म्हणत होतो! गिटार मागे राहिली आणि गाणं पुढे!" काही लोक हसले. अध्यक्षांनी हात झटकून म्हटलं, "अहो जाऊ द्या हो, बसा, जेवा." पण तेओलिंदा हसली नाही. तिने काटा ताटात ठेवला, रुमालाने तोंड पुसलं, काठी घेतली आणि निबियाकडे न बघता तिच्या बाजूने बाहेर निघून गेली. विटोल्दो शेवटच्या टेबलाशी बसला होता. तो उठला नाही. निबिया जेवायला थांबली नाही. घरी जाईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

सोमवारी सकाळी टॅक्सी ऑफिसच्या दारात काठी वाजली. तेओलिंदा. टेकडीवरून एवढं अंतर चालत आली होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मी माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं," ती म्हणाली. "कानेलोनेसला. म्हटलं, पोरीचा आवाज देवाने जपून ठेवलाय. रात्री माझ्या माणसाच्या फोटोलाही सांगितलं. आता त्याला काय सांगू?"

निबिया मान खाली घालून उभी होती. दोन्ही फोन वाजत होते.

"तुझा आताचा आवाज ऐकायला मी आले नसते का? माझे गुडघे बघ, माझे दात बघ. मी काय विशीतली आहे? तुला वाटलं आम्हाला फक्त तो सूर हवा. तू आम्हाला विचारलंच नाहीस." आणि ती गेली. निबियाने ड्रायव्हरला गाडी द्यायला सांगितली, ती म्हातारीने घेतली नाही.

त्याच आठवड्यात निबिया डॉक्टरकडे गेली. इतकी वर्षं टाळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून गळ्याचे पडदे स्क्रीनवर दाखवले. दोन्ही सुजलेले, आत पाणी भरल्यासारखे, पाण्यात भिजून फुगलेल्या शेंगांसारखे. "सिगारेट," बाई म्हणाल्या. "आणि ओरडणं. आणि वय. सूज काढता येईल. श्वास मोकळा होईल, बोलणं साफ होईल. पण वीस वर्षांचा आवाज मागू नका. तो माझ्याकडे नाही." निबियाने सिगारेट सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. ऑपरेशन झालं. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नव्हता. ऑफिसात ड्रायव्हरांनीच आळीपाळीने फोन घेतले. त्यानंतर आवाज खालचाच राहिला, फक्त त्यातला चिखल गेला. फोनवर कुणी नाव विचारलं तर ती आता खरं सांगते. कुणी गोंधळतं, कुणी हसतं. तिला अजूनही कसंसंच होतं.

मे महिन्यात विटोल्दोचा मेसेज आला. 'गुरुवारी चार वाजता ये.' एवढाच.

ह्या वेळी फाटक उघडं होतं. स्वयंपाकघरात टेबलावर गिटार होती. त्याने विचारपूस केली नाही, जुना विषय काढला नाही.

"'भोंगा' म्हण. जिथून जमेल तिथून."

ती म्हणाली. तीन ओळींत अडकली. त्याने पट्टी उतरवली. पुन्हा अडकली. पाच पट्ट्या खाली आल्यावर शब्द बसायला लागले. शेवटचा सूर आला तेव्हा ती थांबली.

"तो नको," ती म्हणाली.

"का नको? भोंगा काय एकच होता? रात्रपाळीचा खालच्या आवाजाचा होता. विसरलीस?" आणि त्याने गिटारीवर एक जाड, खालची तार छेडली. "इथे लाव."

तिने लावला. चार सेकंद टिकला. पाचव्याला खोकला आला. विटोल्दो उठला. त्याने किटली चुलीवर ठेवली, तुंबडी भरली, आधी स्वतः प्यायला, मग भरून तिच्यापुढे सरकवली. ती घेताना तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

आता दर गुरुवारी सराव असतो. ऑगस्टपासून महिन्यातून एकदा क्लबात ते दोघं तीन गाणी म्हणतात. तीस-चाळीस माणसं येतात. काही तिसऱ्या गाण्याआधी उठून बोचास खेळायला जातात, काही थांबतात. शेवटचा सूर आता सात सेकंदांपर्यंत जातो. विटोल्दो तिच्याशी गाण्याचं सगळं बोलतो, पण ओंदिनाचं एक अक्षर काढत नाही, आणि तीही विचारत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी तो अजून दुसऱ्याच कंपनीची गाडी बोलावतो.

तेओलिंदा अजून आलेली नाही. निबियाने दोनदा तिच्या दारी जाऊन दार वाजवलं. आतून रेडिओ ऐकू येत होता, दार उघडलं नाही. दर महिन्याच्या कार्यक्रमाची चिठ्ठी ती स्वतःच्या हाताने लिहून म्हातारीच्या फाटकाला लावते, आणि गाताना दाराकडे बघत असते.